बाई दाराबाहेर

म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला घरोघरी माणसं पुरवण्याचा बाईंचा व्यवसाय गेल्या तपासणीत जेमतेम वाचला होता. तपासनीसांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं होतं. माणसं कामाला घेताना धड चौकशी होत नाही, आणि घेतल्यावर त्यांच्यावर कोणाची नजर नसते. यंदा दोन्हींत सुधारणा दिसली नाही, तर परवाना रद्द होणार होता.

बाईंनी कंबर कसली. भरतीचं काम बाहेरच्या जाणकारांकडे दिलं. त्यांनी उमेदवारांची अशी उलटतपासणी घेतली की दोघं मुलाखतीतूनच उठून घरी गेले. जे टिकले त्यांना फोटोची ओळखपत्रं मिळाली आणि बाईंकडून फोनवर एक कडक नियमही मिळाला: ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणालाही घरात घ्यायचं नाही. स्वतःचं ओळखपत्र मात्र बाईंनी केलं नाही. आपल्याला कोण ओळखत नाही, असं त्यांना वाटलं.

तपासणीला एका आजोबांचं घर निवडलं गेलं. तपासनीसांच्या आधी पोचून सगळं ठाकठीक करावं म्हणून बाई धावतपळत तिथं गेल्या. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून आजोबांना सांभाळणाऱ्या नव्या ताईंचा एक डोळा दिसला.

"ओळखपत्र?"

"अगं, मी मॅडम. ऑफिसमधली."

"असाल. पण ओळखपत्र दाखवा."

"मला कसलं ओळखपत्र? नियम मीच केलाय."

"मग तर तुम्हाला माहीतच असेल," असं म्हणून ताईंनी दार लावलं.

बाईंनी जिन्यातूनच फोन लावला.

"बरं झालं मॅडम, तुमचाच फोन आला," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "दारात एक बाई आलीय. तुमचं नाव सांगून आत घुसायला बघतेय."

"अगं, ती मीच आहे."

"हो, तीही तेच म्हणतेय."

"दार उघड. मी सांगतेय ना."

"मॅडम, तुम्ही माझी परीक्षा बघताय. फोनवर कोणी कितीही दमात घेतलं तरी दार उघडायचं नाही, हे तुम्हीच सांगितलंय."

एवढ्यात तपासनीस आले. त्यांचं कार्ड आणि चेहरा ताईंनी आलटूनपालटून पाहिला आणि साखळी काढली. बाई त्यांच्या मागोमाग शिरणार, तोच ताईंचा हात आडवा आला.

"साहेब, तुम्ही तरी सांगा हिला," बाई काकुळतीला आल्या.

"मी कशाला? आजोबांनाच विचारू या. आठ महिने तुमच्याकडे आहेत ते."

आजोबांनी चष्मा चढवला, दारापर्यंत येऊन बाईंना नीट न्याहाळलं.

"नाही बुवा. कधी पाहिलं नाही. फोनवर गोड बोलणाऱ्या एक मॅडम आहेत, पण त्या काही इकडे फिरकत नाहीत."

 दर महिन्याला आपण प्रत्यक्ष भेट देतो, असं बाईंनी तपासनीसांच्या कार्यालयाला छातीठोकपणे कळवलं होतं. भेटी सगळ्या फोनवरच उरकल्या होत्या. दार लागलं आणि त्या पायरीवर बसून राहिल्या. ताईंचा संताप येत होता, आणि अशी खमकी पोरगी आपल्याकडे आहे म्हणून ऊरही भरून येत होता.

बऱ्याच वेळानं तपासनीस बाहेर आले.

"भरती एकदम चोख. त्यात शंकाच नाही."

"आणि देखरेख?" बाईंनी चाचरत विचारलं.

तपासनीसांनी बंद दाराकडे पाहिलं, मग पायरीवरच्या बाईंकडे.

"दारापर्यंत आलीय," ते म्हणाले. "आत पोचायला तीन महिने देतो."