रामसिंगला ढिला दोर पाहवत नाही

वणीच्या शालेय रोबोट स्पर्धेच्या हॉलमध्ये रामसिंगला एकच काम दिलं होतं: लेकीच्या रोबोटजवळ बसायचं आणि त्याला हात लावायचा नाही. शाळेच्या उज्ज्वला मॅडमनी तीनदा बजावलं होतं.

"मोठ्या माणसाचा हात लागला की टीम बाद. समजलं ना रामसिंगभाऊ?"

"मी कायले हात लावू जी?"

मॅडम लेकीला, अपेक्षाला घेऊन नाव नोंदवायला गेल्या. रामसिंग रोबोट न्याहाळत बसला. एकातून एक सरकणाऱ्या पट्ट्यांचा लांब हात. एक दोरी तो वर नेणार, दुसरी खाली आणणार. आणि ही दुसरी दोरी चक्क लोंबत होती! रामसिंगचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेले. त्यानं स्वतः कापसाच्या गाडीवरचा दोर जन्मात कधी ढिला सोडला नव्हता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग काय, दोरी कसली आणि बसली गाठ!

दोघी परत आल्या आणि अपेक्षानं बटण दाबलं. मोटर नुसती कण्हली. हात जागचा हलेना.

"बा! तुमी हात लावला?"

"ढिला होता व दोर. जरासाक कसला."

"मुद्दाम ठेवला होता ढिला! वर जाताना तेवढी ढील लागते!"

यंदा काही मिळालं नाही तर रोबोटचा वर्गच बंद करू, असं मुख्याध्यापक सर्वांसमोर बोलून बसले होते. त्यात परीक्षक त्याच रांगेत, दोन टेबलांच्या अंतरावर येऊन ठेपलेले.

"आण, सोडून देतो," रामसिंग पुढे झाला.

"मागं व्हा!" दोघी एकदम ओरडल्या.

रामसिंगची गाठ अख्ख्या तांड्यात कुणाला सुटत नसे. पण अपेक्षा दर हंगामात गाडीच्या शेंड्यावर उभी राहून त्याचा दोर झेलायची. तिनं बरोब्बर शेपूट ओढलं आणि गाठ सुटली. आता पुन्हा ढिली ठेवावी तर भीती होतीच. सरावात दोनदा दोरी कप्पीच्या चाकावरून उतरली होती. कसावी तर हात हलत नाही. तेवढ्यात तिची नजर रोबोटच्या खोक्यावर गेली. जीपच्या टपावर बांधताना वापरलेली टायरच्या ट्यूबची रबरी पट्टी त्याला अजून गुंडाळलेली होती. तिनं पट्टीचा तुकडा कापला, दोरीच्या मधोमध जोडला आणि दोन्हीकडे बाची गाठ मारली.

बटण दाबलं. हात सर्रकन वर गेला तशी पट्टी ताणली गेली, खाली आला तशी आखडली. दोरी कुठंच लोंबली नाही.

परीक्षकांनी वाकून पाहिलं. "ही गाठ कोणी मारली?"

रामसिंगनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"मी," अपेक्षा म्हणाली.

"सोड बरं. आणि पुन्हा मार."

मॅडमनी डोळेच मिटले. अपेक्षानं गाठ सोडली, पुन्हा मारली.

"कुठं शिकलीस?"

"कापसाच्या गाडीवर, सर."

दुसरा नंबर आला! वर्ग वाचला, मॅडम रडल्या, रामसिंगनं पेढे वाटले.

दारव्ह्याला परत निघताना खोकं पुन्हा जीपच्या टपावर चढलं. पण पट्टी आता रोबोटात होती आणि साधी सुतळी खड्ड्याखड्ड्याला सैल पडत होती. रामसिंगला ते कसं सोसवणार? त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून सुतळीचं टोक धरलं. खड्डा आला की सोडायचं, ढील पडली की ओढायचं.

"भाऊ, हात अंदर घ्या ना," ड्रायव्हर म्हणाला.

"दारव्हा येईस्तोर मले बोलू नोको बाप्पा," रामसिंग म्हणाला. "मी आता रबर हाव."