बसण्यापुरती पत

माझ्या नवऱ्याला खुर्च्या बसू देत नाहीत. ह्यांची पत कमी आहे.

यात लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. हे बसायला गेले की खुर्ची मागे सरकते. ओरडत नाही, चारचौघांत अपमान करत नाही. लागतं तेवढं अंतर सरकते आणि थांबते. स्टूल, बाक, पलंग हे सगळे एकाच नात्यातले. जमीन तेवढी कुणाची पत बघत नाही, म्हणून हे जमिनीवर बसतात आणि जमिनीवरच झोपतात. नाव विश्राम. सासूबाईंनी हौसेनं ठेवलं होतं.

पत गेली ती मित्रापायी. बाबू खरमाटे नावाचा ह्यांचा एक वर्गमित्र मंडपाचा धंदा करायचा. त्यानं लग्नकार्यात भाड्यानं द्यायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या कर्जावर घेतल्या आणि हे जामीन राहिले. मग एके सकाळी बाबू मंडप, खुर्च्या आणि साडूचा टेम्पो घेऊन गेला तो गेलाच. हप्ते ह्यांनी फेडले, पण उशिरा फेडले. खुर्च्यांमध्ये बातमी लवकर पसरते. एकीत एक घालूनच ठेवलेल्या असतात त्या.

माझी पत चांगली आहे. मी ब्लाऊज शिवते. गिऱ्हाइकाचा कपडा कधी उशिरा दिला नाही आणि भिशी कधी चुकवली नाही. मी कुठंही थांबले की मागून खुर्ची येते आणि गुडघ्यांच्या मागं हलकेच टेकते. खरं सांगते, मला ते फार आवडतं. माझी आई जन्मभर लोकांच्या दारात उभी राहिली. तिला "बस" म्हणणारं कुणी नव्हतं. मला तर लाकूडसुद्धा "बस" म्हणतं.

कपड्याच्या दुकानातली नोकरी उभ्यानं करायची, म्हणून ह्यांची टिकली. पण उभं राहून राहून गुडघे गेले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, मांडी घालून बसायचं नाही, खुर्चीवर बसायचं. ह्यांनी मान डोलावली आणि उभ्याउभ्याच फी दिली.

आम्ही काही उपाय केले नाहीत असं नाही. एकदा दार लावून मी खुर्चीवर बसले आणि ह्यांना मांडीवर घेतलं. खुर्चीनं आम्हा दोघांना खाली उतरवलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. जेवायची वेळ झाली तरी बाहेर आली नाही.

मग माझ्या मामेबहिणीचं लग्न आलं. जेवणं झाल्यावर आम्ही बायका रांगेनं खुर्च्यांवर बसलो होतो. हे आइस्क्रीमची वाटी घेऊन माझ्याकडे आले. ते जवळ आले तशी सगळी रांगच्या रांग हातभर मागे सरकली, बायकांसकट. कुणी ओरडलं, कुणी हसलं. माझी खुर्चीही सरकली. मला घेऊन. हे वाटी धरून तसेच उभे होते आणि आमच्यामध्ये हातभर सतरंजी होती. मला इतकी लाज वाटली की आइस्क्रीम कसलं होतं ते आठवत नाही.

त्यानंतर मला कुठं स्वस्थ बसवेना. मशीनवर बसले की उठावंसं वाटायचं, उठले की स्टूल मागून येऊन टेकायचं. शेवटी मी ह्यांना म्हटलं, आपण पत एकत्र करू. हे म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं?" आईला फोन केला. ती म्हणाली, "कुंकू त्यांच्या नावाचं लाव की. पत कशाला त्यांच्या नावाची लावतीस?"

तरी मी ह्यांना घेऊन पतपेढीत गेले. तिथं विलीनीकरणाचं टेबल वेगळं आहे. तोडकर साहेब म्हणून एक शांत गृहस्थ तिथं बसतात. त्यांनी आम्हाला दोन खुर्च्या दाखवल्या. एक माझ्याखाली आली, दुसरी भिंतीला जाऊन लागली.

"असू द्या," तोडकर ह्यांना म्हणाले. "तिला नियम आहेत."

"मला सवय आहे," हे म्हणाले.

तोडकरांनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पेन्सिलीनं काहीतरी केलं.

"वहिनी, तुमची भरपूर आहे. ह्यांची उणे आहे. बेरीज केली तर एका माणसाला बसण्यापुरती उरते."

"म्हणजे?"

"म्हणजे एका वेळी एक. ते बसले की तुम्हाला खुर्ची नाही. तुम्ही बसलात की त्यांना नाही."

"आणि कुणी कधी बसायचं?"

"ते खातं ठरवत नाही. इथं लिहिलंय बघा, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो."

"हयात असेल तो, म्हणजे?"

"दुसऱ्याला तेव्हा बसायची गरज उरलेली नसते," तोडकर म्हणाले. "आणि एक सांगून ठेवतो. एकदा केलं की वेगळं होत नाही. ताकात पाणी घातलं की घातलं."

हे दाराकडे निघाले. "चल," म्हणाले. "माझ्यापायी तुझी खुर्ची जायची असेल तर मी उभा बरा. आणि शिवणार काय उभ्यानं?"

आम्ही घरी आलो. ह्यांचं म्हणणं बरोबर होतं याचाच मला राग आला होता. आणि त्याहून राग याचा, की पतपेढीतून निघताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी भाजी घेऊन आले तर हे शिवणमशीनखाली ओणवे होते. दोन्ही हात जमिनीवर, एक गुडघा दुमडलेला.

"काय करताय?"

"पेनाचं टोपण पडलंय."

मी भाजी निवडली. कणीक मळली. परत येऊन बघितलं तर हे तिथंच, तसेच.

"सापडलं का?"

"सापडेल."

पेन ह्यांच्या खिशात होतं आणि टोपण त्याला लावलेलं होतं. हात द्यायला गेले तर म्हणाले, "तू जा, तुझं चालू दे." कपाळावर घाम आला होता. मी काखेत हात घालून ह्यांना उठवलं, भिंतीला टेकवलं आणि म्हटलं, "उद्या सही करायची. नाही म्हणालात तर मी सगळ्या खुर्च्या भंगारात घालीन आणि तुमच्याबरोबर सतरंजीवर म्हातारी होईन."

"तुझे गुडघे चांगले आहेत गं," हे म्हणाले.

"म्हणूनच."

सही झाली. तोडकरांनी शिक्का मारला. त्याच क्षणी माझ्या खालची खुर्ची किंचित कुरकुरली. आजवर कुठली खुर्ची माझ्याखाली कुरकुरली नव्हती. मी उठून उभी राहिले.

घरचं आम्ही जमवून घेतलं. हे दुकानात उभे असतात तेव्हा मी मशीनवर बसते. संध्याकाळी हे आले की मी उठते. पलंग एक दिवसाआड. शेजारच्या सुमनवहिनी म्हणाल्या, "तुमचं एकाचं बूड टेकलं की दुसऱ्याचं उठलंच!" त्यांची पत चांगली आहे, त्यांना हसायला काय जातंय? मला मात्र जड गेलं. दोनदा मी सवयीनं न बघता बसायला गेले आणि जमिनीवर आपटले. रस्त्यात थांबले की गुडघ्यांच्या मागं काहीच टेकत नाही. तिथं नुसता वारा लागतो.

काल ह्यांना गुडघ्यांसाठी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं गर्दी होती, पण एक खुर्ची रिकामी होती. हे तिच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"बसा," मी म्हटलं.

"सरकली तर? लोक आहेत."

"बसा हो."

हे वाकले. खुर्चीनं जरा वेळ घेतला. पुढचा एक पाय उचलला, परत टेकवला. मग जागेवर राहिली. हे बसले. पाठ टेकवायची असते हे विसरले होते, ते मी सांगितलं. हातांचं काय करायचं तेही कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग खुर्चीच्या हातांवर ठेवले, आणि ठेवले तसे झोपले. तोंड उघडं टाकून, घोरत, गाढ झोपले.

मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. आमचा नंबर यायला अजून वेळ होता. थोड्या वेळानं मी भार या पायावरून त्या पायावर घेतला, मग परत या पायावर. हे दुकानात असंच करतात, ते मी पूर्वी बघितलं होतं, पण का करतात ते कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात समोरची एक जागा रिकामी झाली. नर्सबाई म्हणाल्या, "अहो काकू, मघापासून उभ्या आहात. बसा की."

ह्यांची मान माझ्या हातावर कलली होती. मी हात हलवला नाही.

"बसलोय की," मी म्हटलं.