बावीस वर्षांचं स्थळ

रहिमतपूरच्या जोतीरामाला स्वतःच्या हुशारीबद्दल कधीच शंका नव्हती. बी. ए. झाला होता, तोही एका झटक्यात! आता वकील व्हायचं, आणि त्यासाठी पुण्याच्याच लॉ कॉलेजात जायचं, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. घरच्यांचं काय? दोन कार्डं टाकली की आठ दिवसांत होकार!

घरचे म्हणजे वडील आप्पासो, उंब्रजचे चुलते हंबीरराव आणि जतला दिलेली आत्या भामाबाई. हंबीरराव गेल्या दिवाळीच्या आधीच लढाईवरून सुभेदार होऊन परतले होते. या दोघांना विचारल्याशिवाय आप्पासो बैलसुद्धा घेत नसत, मग पोराच्या अर्जावर सही कुठून करणार? आणि पुण्याचा अर्ज वीस जूनपर्यंत टाकायलाच हवा होता.

"लिव कार्ड," आप्पासो म्हणाले. "पर वकिलीचं नाव काढू नगंस!"

"का वं, आबा?"

"कार्ड उघडं असतंय. पोस्टमन भाऊसो समद्या गावाला वाचून दावतोय. आपुन घरातच वकील करतोय म्हणून केरबाला कळलं, तर त्यो बी करंल!"

केरबा म्हणजे त्यांचा भाऊबंद. एका बांधापायी दोन्ही घरं नऊ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती, आणि केरबाचा गुंडाही यंदाच बी. ए. झालेला. तेव्हा जोतीरामानं डोकं चालवलं. आप्पासो म्हणाले, 'तीन जागा' असं लिही. पण जागा हा शब्द पदवीधराला कसा शोभावा? त्यानं लिहिलं, 'दिवाळीत आपले बोलणे झाले, त्यासाठी तीन स्थळे पाहिली आहेत. पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव. आपला विचार कळवावा.'

आता दिवाळीत बोलणी दोन झाली होती. एक वकिलीचं आणि एक जोतीरामाच्या लग्नाचं. पण हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

हंबीररावांचं उत्तर आलं, 'तिन्हींची वयं कळव. नाव कसं हाय? तू सोता बगितलंस का?'

"बघा आबा, नानांची नजर! कॉलेज किती जुनं, हे पयलं इचारलं!"

"मिल्ट्रीतला माणूस हाय त्यो," आप्पासो फुलून म्हणाले.

जोतीरामानं मग दोघांनाही सविस्तर कळवलं, 'पुण्याचे स्थळ बावीस वर्षांचे. नावाजलेले आहे. दरसाल दीडशे जण जातात, आपल्या रहिमतपूरचेही दोघे आहेत. कोल्हापूरचे तेरा वर्षांचे, बेळगावचे अवघे सात. तिन्ही पाहून आलो. मला पुण्याचेच पसंत. दोन वर्षांचाच प्रश्न आहे, मग सोडून घरी येईन.'

वीस तारीख उजाडली तरी उत्तर नाही. दुपारी दारात उभे राहिले हंबीरराव, हातात काठी! मागं भामाबाई. ती जतहून थेट उंब्रजला धावली होती आणि तिथून भावाला घेऊन आली होती.

"सात वर्साची?" आत्यानं उंबऱ्यातच हंबरडा फोडला. "आरं, सात वर्साची बगून आलास? लाज न्हाई वाटली?"

"आत्ती, नवं हाय ते. अजून नाव व्हायचंय."

"ऐका ह्येचं!"

"आन ती पुण्याची?" हंबीररावांच्या मिशा थरथरत होत्या. "रहिमतपूरचं ते दोघं कोण? नावं सांग!"

"एक देशपांड्यांचा, एक शिंप्यांचा. दोघं एकाच खोलीत ऱ्हात्यात."

आत्या मटकन खाली बसली.

"आन तुला तीच पसंत?"

"दीडशे जण जात्यात म्हंजी कायतरी असंलच की, नाना!"

"बर्मात जपान्याच्या गोळ्या अंगावरनं गेल्या, पर असलं कवा ऐकलं न्हाई! आन दोन वर्सांनी तू तिला सोडणार?"

"व्हय. मग सनद मिळती."

"सोडल्याची सनद?" नाना किंचाळले. "आप्पादा, ह्यो घराण्याला काळं फासतोय आन तुमी बसून बघताय?"

तेव्हा कुठं जोतीरामाच्या कानाला तो 'तिला' टोचला.

"तिला म्हंजी कुणाला, नाना?"

"कुणाला? बायकूला!"

जोतीरामानं कपाळावर हात मारला. खुलासा करता करता संध्याकाळ झाली, कारण कॉलेजला वय असतं हे आत्या काही केल्या मानेना. शेवटी आप्पासोंनी सहीसाठी टाक उचलला आणि जोतीरामाचं घड्याळाकडे लक्ष गेलं. टपाल केव्हाच गेलं होतं! पुणं संपलं. बिचाऱ्याला रडूच कोसळलं.

इतक्यात केरबा आला. वर्षानुवर्षं या घराचा उंबरा न चढलेला माणूस, पण आज हातात गुळाचा खडा!

"आप्पासो, त्वांड गोड करा! आमचा गुंडा पुण्याला चाललाय, वकील व्हायला!"

"तुला पुण्याचं कुणी सांगितलं रं?" आप्पासोंचे डोळे पांढरे झाले.

"तुमीच की! भाऊसोनं कार्ड वाचलं. पयलं आमी बी दचकलो, पर गुंडा म्हनला, ही कालिजं हायती. कसं इस्कटून लिवलंय जोतीरामानं! आमी दुसऱ्याच दिशी अर्ज धाडला."

बेळगावची मुदत तेवढी महिनाअखेरपर्यंत होती. पुढच्या आठवड्यात जोतीराम मुकाट्यानं ट्रंक घेऊन निघाला. आत्यानं कपाळाला कुंकू लावलं, पाठीवरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावत हळूच म्हणाली, "जा बाबा. पर ल्हान हाय ती, सांबाळून घे."