काकांचा पाऊण इंची हट्ट

इथे आखातात, अल खौदमधल्या आमच्या शेजारच्या फिलिपकाकांना गाडीत शेजारी बसवू नये. गाडी मी चालवतो, ब्रेक ते मारतात. सिग्नल दिसला की यांचा उजवा पाय चटईवर दाबलाच. प्रवचन लांबलं की चर्चमध्येसुद्धा दाबतात, असं काकू सांगतात. विचारलं तर म्हणणार, "पळायला काय, गाढवही पळतं. थांबता आलं पाहिजे."

त्यांच्याकडे एक जुनी गाडी आहे, पॉवर ब्रेकबिकचे चोचले नसलेली. चालवायच्या मात्र काकू. दर शुक्रवारी अल मवालेहची मंडई, आणि काका शेजारी. मग काकू गुडघ्याच्या ऑपरेशनला वसईला गेल्या आणि इकडे ब्रेकचा मास्टर सिलिंडर गंजून खलास. पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलतो, तोच. काकू यायच्या आत गाडी चालू व्हायला हवी, हा काकांनी ध्यासच घेतला.

"मोठा सिलिंडर बसवा की, ब्रेक कसा घट्ट लागेल," मी म्हटलं. पार्टवाल्या सालिमभाईंनीही मान डोलावली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बोंबलात साखर घालायला सांगितली.

"अरे शहाण्या, पिस्टन मोठा की पेडल दगड. पिस्टन बारीक की पाय लांब जातो, पण हलका जातो."

म्हणून बारीक आणला, तर तो इतका बारीक की पेडल थेट तळाला टेकलं. शेवटी मला दोन तासांवरच्या इब्र्यापर्यंत दामटवलं. तिथल्या एका जुन्या गॅरेजात पाऊण इंची मिळाला. येताना काका शेजारी, खोकं मांडीवर, पाय चटईवर.

तो बसवल्यावर काका चप्पल काढून नुसत्या चवड्याने पेडल दाबत बसायचे, टाचेचा जोर न लावता.

"काका, गाडी चालवायचीय की पायपेटी वाजवायचीय?" मी विचारलं. हसले नाहीत.

काकू आल्या. शुक्रवारी सकाळी काकांनी किल्ली पुढे केली, तर त्या मागे सरल्या. "आता तुम्हीच चालवा. या पायात जोर नाही राहिला."

"दाबून तर बघ."

काकूंनी बसून भीत भीत पेडल दाबलं. परत दाबलं. मग खुदकन हसल्या. "दुखत नाही हो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि काकांवर इतकं प्रेम दाटून आलं की काय सांगू. ते आपले तोंड फिरवून स्वच्छ आरसा पुन्हा पुसत होते.

"यल्ला, बसा आता," काकूंनी दटावलं. मी मागे बसलो.

मंडईपर्यंत सगळे सिग्नल लाल लागले. काकांचा उजवा पाय जागचा हलला नाही.