गुणाजी परबांची विज्ञानसेवा

शेजाऱ्याने गाडी घेतली असती तर गुणाजी परबांनी सहन केलं असतं. पण युस्टेसने मिळवलं सर्टिफिकेट, तेही विज्ञानाचं, आणि लावलं आपल्या दाराबाहेर, परबांच्या दाराच्या अगदी समोर. (लिफ्टची वाट बघताना दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतंच.)

"एवढं केलंस तरी काय रे?" गुणाजींनी शेवटी विचारलं.

"काही नाही. कम्प्युटर चालू ठेवला आणि मासे आणायला गेलो," युस्टेस म्हणाला. "एक प्रोग्रॅम आहे. आपलं मशीन रिकामं असलं की संशोधकांची गणितं सोडवतो. प्रोटीनच्या घड्या कशा पडतात ते कळलं तर औषधं शोधता येतात. गणित सुटलं की पॉइंट्स."

"आणि तू विश्वास ठेवलास? उद्या ओटीपी पळवतील तुझे!"

शंका घेण्यात गुणाजींचा हात धरणारा अख्ख्या बोरिवलीत नव्हता. वाय-फायवाला घरात आला तरी ते त्याच्या मागे मागे फिरत. पण सोसायटीच्या सेक्रेटरी उत्तराताईंचा ग्रुपवर मेसेज आला: सव्वीस जानेवारीला विज्ञानप्रेमी युस्टेस यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. तो वाचून सुलक्षणा, म्हणजे गुणाजींची पंचवीस वर्षांची हक्काची बायको, चहा गाळता गाळता म्हणाली, "युस्टेसभाऊ किती हुशार आहेत, नाही?"

पंचवीस वर्षांत हे वाक्य गुणाजींच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. त्यांच्या पोटात असं काही दुखलं की ओटीपीची भीती जागच्या जागी संपली. तिच्या तोंडून हेच आपल्याबद्दल ऐकायचं, आणि ती शाल आपल्या खांद्यावर घ्यायची, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

युस्टेसला प्रोग्रॅम मागणं म्हणजे स्वतःचं नाक कापून देणं. म्हणून तो मनोरीला भावाकडे गेलेला बघून गुणाजी पेन ड्राइव्ह घेऊन त्याच्या बायकोकडे, फ्रेडाकडे गेले. ती बोंबील तळत होती. "अख्खा फोल्डरच ने ना," ती म्हणाली. गुणाजींनी अख्खा फोल्डर आणला. त्यांच्या कम्प्युटरवर तो प्रोग्रॅम नाव न विचारता, पासवर्ड न मागता सुरू झाला. (योग्य माणूस त्याने ओळखला, असं गुणाजींना वाटलं.)

मग जोर चढला. अंधेरीच्या ऑफिसातल्या आपल्या टेबलावरच्या मशीनवर त्यांनी तो टाकला. सुलक्षणा ऑनलाइन शिकवण्या घ्यायची, तिच्या नव्या लॅपटॉपवरही टाकला.

"घरातल्या चादरीची घडी घातली नाहीत कधी," ती म्हणाली, "आणि प्रोटीनच्या घालायला निघालात?"

परबांकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची. गुणाजींनी छत्रीवर, हेल्मेटवर नाव घातलं होतं. आता सेटिंगमध्ये शिरून तिन्ही मशीनांनाही नावं घातली. विज्ञानाने उद्या पत्ता शोधत भलत्याच माणसाकडे जायला नको.

रोज सकाळी ते वेबसाइटवर पॉइंट्सची यादी उघडत. युस्टेस चार हजार. आठवड्याने नऊ हजार. गुणाजींचं नाव कुठेच नाही. (रेशनकार्डावर नाव चढायलाही वेळ लागतोच की.) त्यांनी मशीनं जास्त वेळ चालू ठेवली. ऑफिसातला पंखा इतका घरघरला की शेजारच्या टेबलावरच्या राजेशने "पिठाची चक्की टाकली काय?" म्हणून विचारलं. आणि युस्टेस अठरा हजार! गुणाजी जळून कोळसा झाले. त्याच्याशी बोलणं टाकलं. ताटातला बांगडा अर्धा राहू लागला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. उत्तराताई शाल घेऊन पुढे आल्या, तर युस्टेसने त्यांना थांबवलं आणि माइक हातात घेतला.

"खरं सांगू? माझं मशीन तीन आठवडे बंद आहे. जळलंय. तरी माझे पॉइंट्स वाढतायत! म्हटलं, वाट लागली, हॅक झालो. मग माझ्या खात्यावर कुठली मशीनं चालतायत ते बघितलं." त्याने मोबाइलवर वाचलं, "गुणाजी परब, घर. गुणाजी परब, ऑफिस. सौ. सुलक्षणा गुणाजी परब."

फोल्डरबरोबर युस्टेसचं खातंही आपण उचलून आणलं होतं, हे गुणाजींना आत्ता कळलं.

"माझं मशीन गेलं म्हणून हा माणूस माझ्या नावावर राबला," युस्टेस गुणाजींकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि एका शब्दाने बोलला नाही!" (बोलणं टाकलं होतं, कसा बोलणार?)

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुणाजींना क्षणभर स्वतःच्या मोठेपणाची खात्रीच पटली. ते पुढे झाले आणि शालीसाठी खांदे सरळ केले.

"फक्त एक आहे," युस्टेस म्हणाला. "गुणाजीच्या दोन्ही मशीनांचं एकही गणित वेळेत सुटलं नाही. सगळी नापास. पॉइंट्स सगळे सुलक्षणावहिनींच्या लॅपटॉपचे."

उत्तराताई गुणाजींना वळसा घालून पुढे गेल्या. शाल सुलक्षणाच्या खांद्यावर पडली, नारळ तिच्या हातात आला. घरातल्याच माणसाचा इतका हेवा वाटू शकतो, याची गुणाजींना कल्पना नव्हती. तरी ते नवरेपणाला जागले. खिशातून मोबाइल काढला, एक डोळा मिटून नेम धरला.

"अहो, राहू द्या," सुलक्षणा लाजत म्हणाली. "युस्टेसभाऊंकडे द्या ना फोन. तुम्ही काढलात की फोटो हलतो."