सुभेदाराचा बिल्ला

जगात सगळ्यांना कधी ना कधी निवृत्ती मिळते, शब्दांना तेवढी मिळत नाही. माणूस म्हातारा झाला की त्याला ओट्यावर बसवतात. शब्द म्हातारा झाला की त्याचा हुद्दा उतरवून त्याला पुन्हा कामाला जुंपतात. हवालदार एके काळी गडाचा कारभार पाही, आता सायकलला दिवा आहे की नाही ते पाहतो. शिपाई रणात जाई, आता चहा आणायला जातो (आणि रणातून परतायला लागे त्याहून जास्त वेळ लावतो). सुभेदाराकडे तर अख्खा सुभा असे. पुढे तो पलटणीतला हुद्दा झाला, मग कुणाचे तरी आडनाव झाला, आणि एकोणीसशे छप्पन्न साली पिंपरीत एका तांबूस, एक कान दुमडलेल्या कुत्र्याच्या वाट्याला आला.

नाव ठेवले कोंडीरामाने. "बसल्या जागी समद्या आळीची वसुली करतंय. सुभेदार न्हाई तर काय म्हनू?" हे त्याचे कारण होते, आणि जाणकारांनाही त्यात खोट काढता येणार नाही. वसुली भाकरीची. कोंडीरामाची बायको सगुणाबाई पहिल्या भाकरीचा चतकोर सुभेदारासाठी काढून ठेवी आणि मगच नवऱ्याला वाढी.

कोंडीरामाच्या बाजरीच्या रानात कारखाना उभा राहिला होता. ज्या बांधावर तो पाखरे हाकायचा तिथेच फाटक आले, म्हणून त्यालाच फाटकावर वॉचमन नेमले. काम तेच, फक्त पाखरे बदलली. आत काय बनते हे सुभेदाराला ठाऊक नव्हते (आत काम करणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही नव्हते, पण त्यांना पगार होता). फाटकाबाहेर एक लिंबाचे झाड तेवढे जुने उरले होते. त्याखाली सुभेदाराची कचेरी.

या कचेरीत पडल्यापडल्या सुभेदाराने माणसांच्या भाषेचा अभ्यास केला. पाळी सुटली की शेकडा नव्वद लोक म्हणत, "कुत्र्यावानी राबलो राव." सुभेदार एक डोळा उघडून पाही. त्याच्या ओळखीतले एकही कुत्रे जन्मात राबले नव्हते. उरलेले म्हणत, "आत आपल्याला कुत्रं विचारत नाही." हा तर धडधडीत खोटा आरोप होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची सुभेदार जातीने चौकशी करी: कुठून आलास, काय खाल्लेस, वाटेत कुणाची शेळी भेटली, सगळे नाक लावून विचारी. विचारत नसलेच तर ते वरचे लोक.

या चौकशीतूनच प्रकरण ओढवले. मुंबईहून नवे मॅनेजर आले, नानासाहेब. साहेब या शब्दाचा अरबीतला मूळ अर्थ सोबती. हा अर्थ वाटेत कुठेतरी सांडला, पण सुभेदार जुन्या वळणाचा. सोबत्याला भेटावे तसा तो भेटला, पुढचे दोन्ही पाय पांढऱ्या पाटलोणीवर ठेवून.

"हे कुत्रं कुणाचं?" नानासाहेब ओरडले.

"कुनाचं न्हाई साहेब. हितंच असतंय," कोंडीराम म्हणाला.

"याचा बिल्ला कुठाय? शहरात कुत्र्यालासुद्धा बिल्ला असतो. सोमवारी कुत्री धरणारी गाडी बोलावतोय मी. तोवर बिल्ला घाल, नाहीतर नेतील ते."

"नेऊन काय करत्यात, साहेब?"

नानासाहेब पाटलोण झटकत आत गेले, आणि कोंडीरामाला काय ते कळले.

तो सरपंच हिंदुरावांकडे गेला. हिंदुराव म्हणाले, "कोंडीबा, आपल्या गावात अजून मानसाला बिल्ला न्हाई, कुत्र्याला कुठनं दिऊ?" मग चिंचवडहून आगगाडी धरून तो पुण्याच्या एका कचेरीत गेला. तिथे त्याला समजावण्यात आले की सदर कुत्रा पुण्याच्या हद्दीबाहेर भुंकत असल्याने तो पुण्याचा धरता येत नाही. कोंडीरामाने त्याला रविवारी पुण्यात आणून भुंकवण्याची तयारी दाखवली, परंतु अधूनमधून भुंकणारे रहिवासी गणले जात नाहीत, असे कळले.

बिल्ला काय चीज आहे हे कोंडीरामापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? कारखान्यातल्या प्रत्येकाच्या गळ्यात नंबर ठोकलेला पितळी बिल्ला असे. तो नसेल तर आत पाऊल नाही. सख्खा भाऊ मुरारी एकदा बिल्ला विसरला, तर कोंडीरामाने त्याला उन्हात घरी पिटाळले होते. नियम म्हणजे नियम!

सोमवारी गाडी आली. कोंडीरामाने आपल्या गळ्यातला बिल्ला काढला आणि सुभेदाराच्या गळ्यात बांधला. गाडीवाल्यांनी पितळ पाहिले, फास गुंडाळला आणि निघून गेले. नानासाहेबसुद्धा "असं पाहिजे" म्हणाले. सुभेदार वाचला. कोंडीरामाचे डोळे भरून आले. डोळे पुसत तो फाटकातून आत जायला निघाला आणि तिथेच थबकला. त्याच्या गळ्यात बिल्ला नव्हता.

"आरं दादा, फाटक तुजंच हाय," मुरारी म्हणाला.

"फाटक कंपनीचं हाय. माजं रान हुतं," असे म्हणून कोंडीराम मागे फिरला आणि लिंबाखाली जाऊन बसला. भोंगा झाल्यावर बिल्लेवाल्याने बाहेर रेंगाळायचे नाही हाही नियम होताच, म्हणून मुरारीने सुभेदाराला आत ओढले.

आत सुभेदाराच्या ज्ञानात फार भर पडली. तिथे सावली होती, पण तिच्यात कुणी पडत नव्हते. कुणी कुणाची चौकशी करत नव्हते. सगळे घड्याळाकडे पाहत होते. "या सुभेदार, तुम्हीपण अडकलात?" मन्सूर फिटर हसून म्हणाला. सुभेदाराने त्याच्या गळ्यातला बिल्ला हुंगला, मग शेजारच्याचा. म्हणजे ही सगळी माणसे कुणाची तरी पाळलेली होती! गाडीत घालू नये म्हणून बिचाऱ्यांच्या गळ्यात पितळ अडकवले होते. त्याला मनापासून वाईट वाटले आणि त्याने मन्सूरचा हात चाटला.

जेवणाच्या भोंग्याला तो जीव घेऊन बाहेर पळाला. लिंबाखाली कोंडीराम पाय पसरून भाकरी खात होता. घरून भाकरी घेऊन आलेल्या सगुणाबाईने चतकोर मोडला, सुभेदाराच्या गळ्याकडे पाहिले आणि तो नवऱ्याच्या पुढ्यात टाकला. "बिल्लेवाल्याला कंपनी घालंल," ती म्हणाली.

चतकोराच्या बदल्यात बिल्ला हा व्यवहार सुभेदाराला एका क्षणात कळला (माणसांना यासाठी अख्खी नोकरी लागते). त्याने खोडाला मान घासून घासून दोरी तोडली, बिल्ला कोंडीरामाच्या पायाशी सोडला आणि चतकोर उचलला.

"आरं, पुन्ना न्हेतील की तुला!" कोंडीराम कळवळला.

हे पाहत उभ्या असलेल्या मन्सूरने जेवणाच्या सुट्टीतच भंगारातल्या पितळेचा दुसरा बिल्ला कापून आणला. "नंबर काय टाकू, कोंडीभाऊ?"

"नंबर नगं. त्याला कुटं आत जायाचंय."

नव्या बिल्ल्यासकट सुभेदार आपल्या कचेरीत आडवा झाला. फाटकापलीकडून नानासाहेबांनी तो पाहिला आणि मान डोलावली. सगुणाबाईनेही चतकोर बंद केला नाही, नंबर नसलेला बिल्ला ती मोजत नव्हती.

सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. कोंडीराम सावलीतून उठला, धुळीतला आपला बिल्ला उचलून धोतराला पुसला आणि स्वतःच्या हाताने गळ्यात बांधला. जवळपास गाडी नव्हती, फास नव्हता, कुणी ओढतही नव्हते. सुभेदार पाहतच राहिला. माणसांच्या भाषेचा एवढा अभ्यास करूनही याला काय म्हणतात ते त्याला सापडले नाही.

कुत्र्याच्या या अडाणीपणाला वाचक हसले असतील. जरूर हसावे. फक्त हसताना मान फार हलवू नये, गळ्यातला बिल्ला वाजतो.