कुंडे गार पडली असता आवडाबाईंनी पाहुणे राखिले त्याची हकीकत
श्रीकुलदेवता साह्य असो, ऐकणाऱ्यांचे घरी सुख नांदो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, एका डोंगरी राज्यात ऊन पाण्याची कुंडे होती, त्यांजवर अवघा मुलूख पोट भरीत होता. सांधे धरलेले लोक दूरदूरहून स्नानास येत आणि घरोघरी उतारशाळा चालत. त्यांत आवडाबाई यांची उतारशाळा लहान, परंतु कोणाचा गुडघा दुखतो, कोणास लसूण चालत नाही, कोणाची लेक बाळंत व्हावयाची, अवघे बाईंस तोंडपाठ. तो आश्विनमासी भूकंप जाहला आणि कुंडे गार पडली. मग मुलुखाचा वसूल बुडेल या भयाने कमाविसदार रंगो त्रिमळ यांणी दवंडी पिटविली की, "पाणी पूर्ववत ऊन आहे. गार म्हणेल त्याचे घरास कुलूप पडेल." लोक भुलोन आले, कुडकुडले आणि शिव्या देत माघारे गेले, मग कोणी फिरकेना, चुली विझल्या. आवडाबाईंस कुलुपाचे भय होते, तरी आपल्या माणसांस खोटे सांगवेना. मग जुन्या पाहुण्यांस निरोप धाडिला की, "पाणी गार आहे. येऊ नये. ऊन जाहलियावर आपण होऊन बोलावू."

पौषमासी वृद्ध सुभानजी नाईक गाडीतून दारी उतरले. बाई घाबरोन म्हणाल्या, "काका, निरोप पावला नाही काय?" नाईक हासोन बोलिले, "पावला, म्हणोनच आलो. खरे सांगणारे घर एवढेच उरले. गुडघ्यास तुमचे चुलीवरचे पाणी पुरे." मागोमाग त्यांचे सोयरे आले, आणि सोयऱ्यांचे सोयरे आले, आणि बाईंनी अंगणात हंडे चढविले, निरगुडीचा पाला उकळला, ज्याचे त्याचे दुखण्याजोगा शेक दिला. जागा पुरेना, मग पाहुणे शेजारी ठेविले आणि आळीतील चुली पेटल्या.

हे ऐकोन कमाविसदार शिपायांसह धावोन आले आणि गरजले, "कुलूप घाला!" बाई पदर सावरोन बोलिल्या, "सरकार, पाणी ऊन असेल तर मी लबाड. आपण स्नान करोन दाखवावे, मी आपले हाते किल्ली देते." गाव जमला होता, माघार घेववेना, मग कमाविसदार कुंडात उतरले. दात वाजू लागले, ओठ निळे पडले, तरी म्हणतात, "ऊ-ऊ-ऊन आहे!" गाव पोट धरधरून हासला. बाई मात्र हासल्या नाहीत. घोंगडी घेऊन पुढे जाहल्या, "आधी बाहेर यावे. आपणांस दम्याची खोड. मातोश्री मजकडे उतरल्या होत्या, त्यांणी काळजीने सांगितले होते." मग हंड्यातील पाण्याने न्हाऊ घातले, आल्याचा काढा पाजिला. कमाविसदारांचे डोळ्यांस पाणी आले. घोंगडीतूनच शिंकत हुकूम जाहला, "कुलूप परत न्या. दवंडी फिरवा की, कुंडे गार आहेत, आवडाबाईंचे हंडे ऊन आहेत!"

ती दवंडी जेथवर पोहोचली तेथवरचे लोक आले. बुडता मुलूख तरला आणि आवडाबाई यशवंत जाहल्या. घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.